विधानसभेसाठी पक्षाचा उमेदवारी अर्ज कसा भरावा : प्रथमच उभे राहणाऱ्यांसाठी

पक्षाच्या यादीत नाव झळकले की गावात फटाके वाजतात, फेटे बांधले जातात आणि रातोरात फ्लेक्स उभे राहतात. मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दप्तरी त्या यादीला कवडीचीही किंमत नसते. त्यांच्या लेखी पक्षाचा उमेदवार तोच, ज्याच्या नावाचा शाईने सही केलेला ए-बी फॉर्म (आपला उमेदवार कोण हे पक्ष ज्यावर कळवतो तो कागद) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत त्यांच्या टेबलावर पोचला आणि ज्याचा अर्ज छाननीत टिकला. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन विधानसभा निवडणुकांत आमच्या मतदारसंघातील पक्षाच्या उमेदवाराचे कागद मी तयार केले. पहिल्या खेपेला इतकी धावाधाव झाली की अर्ज दाखल होईपर्यंत सकाळचा चहासुद्धा पोटात गेला नव्हता. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून क्रमाने सगळे लिहीत आहे.

हे सारे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला आणि त्याचे कागद सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला उद्देशून आहे. ज्यांनी यापूर्वी जिल्हा परिषदेचा किंवा नगरपालिकेचा अर्ज भरला आहे, त्यांनी तो अनुभव थोडा बाजूला ठेवावा. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, आणि दोन्हीकडचे नमुने, अटी व खर्चाची मर्यादा वेगवेगळी आहे. दोन अपत्यांची अट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत आहे, विधानसभेला ती लागू नाही. तरीही दर वेळी कोणी ना कोणी त्या घोषणापत्राच्या शोधात तहसील कचेरीत फिरताना दिसतो.

१. आधी तारखा कागदावर मांडा

निवडणूक जाहीर होणे आणि अधिसूचना निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला आणि आचारसंहिता त्याच क्षणी लागली, पण अर्ज घेणे सुरू झाले ते २२ ऑक्टोबरला अधिसूचना निघाल्यावर. अर्जाचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, छाननी ३० ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर आणि मतमोजणी २३ नोव्हेंबर असा तो कार्यक्रम होता. अर्ज फक्त सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत घेतले जातात आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घेतले जात नाहीत, म्हणून आठवडाभराची दिसणारी मुदत हातात येईपर्यंत बरीच आटलेली असते.

त्यात आपल्याकडे मुहूर्ताचा हट्ट असतो. २०२४ मध्ये २४ ऑक्टोबरला गुरुपुष्यामृत होते, त्या दिवशी साधावे अशी अनेकांची इच्छा. शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा. मुहूर्त पाहण्याला माझा विरोध नाही, पण मुहूर्ताच्या दिवशी एक अर्ज आणि त्याआधी किंवा नंतर शांतपणे दुसरा अर्ज, असे नियोजन करावे. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि ही सोय वापरायची असते.

तारखा पुढे सरकत नाहीत, राजकारण मात्र शेवटच्या घटकेपर्यंत सरकत असते. २०१४ मध्ये अर्जाची मुदत २७ सप्टेंबरला संपत होती आणि २५ सप्टेंबरला भाजप-शिवसेना युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी दोन्ही एकाच दिवशी तुटल्या. ज्यांना उमेदवारीची स्वप्नातही अपेक्षा नव्हती, त्यांना दोन दिवसांत सगळे कागद जुळवावे लागले. ज्यांची फाईल तयार होती, ते निभावले.

२. पात्रतेची खातरजमा

छाननीच्या दिवशी तुमचे वय पंचवीस वर्षे पूर्ण असले पाहिजे आणि महाराष्ट्रातील कोणत्या तरी विधानसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचे नाव असले पाहिजे. ज्या मतदारसंघातून उभे राहायचे तिथलेच मतदार असण्याची सक्ती नाही. मात्र नाव दुसरीकडे असेल, तर तिथल्या मतदार यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ही प्रत छाननीच्या वेळेपर्यंत देता येते, तरी ती मागे ठेवू नये. एकाच वेळी दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून लढता येत नाही.

सरकारी नोकरीत असाल, तर राजीनामा देऊन भागत नाही, तो वेळेत मंजूर झालेला असावा लागतो. शासनाच्या कामाचे ठेकेदार असाल, तर चालू कंत्राटांबाबत आधी वकिलाचा सल्ला घ्यावा; आमदारकीच्या अर्धवट रस्त्यावर अडकलेले ठेकेदार मी पाहिले आहेत.

राखीव मतदारसंघासाठी जातीचे प्रमाणपत्र लागते. राज्याच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. प्रमाणपत्रावर वाद चालू असेल, तर तो किरकोळ समजू नका. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रामटेकमधून काँग्रेसने रश्मी बर्वे यांना उमेदवारी दिली होती. त्यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि छाननीत अर्ज बाद झाला. पक्षाने पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचाही अर्ज भरून ठेवला होता. ते पक्षाच्या चिन्हावर लढले आणि निवडून आले. पर्यायी उमेदवाराला आपल्याकडे सर्रास डमी म्हणतात, पण त्या वर्षी रामटेकचा डमीच खासदार झाला.

३. कागदांची पिशवी

पुढील कागद एका जाड कापडी पिशवीत, दोन संचांत ठेवावेत. प्लास्टिकच्या फाईलमध्ये अर्ज भरायला जाताना काय होते ते गर्दीत धक्के खाल्ल्यावर कळते.

- नमुना २-ब मधील नामनिर्देशन पत्र, चार प्रती. दोन एका सूचकाच्या, दोन दहा सूचकांच्या (सूचक म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार)
- नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र, सर्व पानांवर सही व नोटरीचा शिक्का असलेले
- पक्षाचे ए व बी फॉर्म, मूळ प्रती
- स्वतःच्या नावाचा मतदार यादीतील उतारा. नाव अन्य मतदारसंघात असल्यास प्रमाणित प्रत
- राखीव जागा असल्यास किंवा अनामतीत सवलत हवी असल्यास जातीचे प्रमाणपत्र
- अनामत रकमेची पावती किंवा चलन
- निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील
- मागील दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असल्यास भाडे, वीज, पाणी व दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचे दाखले
- मागील तीन महिन्यांत काढलेली दोन बाय अडीच सेंटिमीटरची छायाचित्रे. पार्श्वभूमी पांढरी, चेहरा समोर, डोक्यावर टोपी नाही, डोळ्यांवर काळा चष्मा नाही

शेवटच्या ओळीतील टोपीबद्दल सांगायला हवे, कारण गांधी टोपी कधीही न उतरवणाऱ्या एका ज्येष्ठ उमेदवाराला स्टुडिओत नेऊन ती काढायला लावणे हे २०१९ मधील माझे सर्वांत अवघड काम होते. "टोपीशिवाय लोक मला ओळखतील का रे?" असे त्यांनी दोनदा विचारले.

बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे. जुने बचत खाते दाखवून चालत नाही.

४. सूचक एक की दहा

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, अपक्षाला व मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. नियम इतका सोपा आहे, आणि अर्ज बाद होण्याची कारणेही बहुतेक इथेच सापडतात.

पहिला सापळा भूगोलाचा आहे. तालुका आणि विधानसभा मतदारसंघ यांच्या सीमा एकच आहेत असे आपण धरून चालतो. पंढरपूर तालुक्याची सगळी गावे पंढरपूर मतदारसंघात नाहीत, काही माढ्यात आहेत, काही मोहोळमध्ये. आमच्याकडेही तसेच आहे. २०१४ मध्ये आम्ही ज्या सरपंचांना मोठ्या मानाने सूचक केले, ते तालुक्याच्या बाजारात रोज भेटणारे, पक्षाच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसणारे. पण त्यांचे गाव शेजारच्या मतदारसंघात जात होते. अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकाने यादीत भाग क्रमांक शोधला, पान उलटले, पुन्हा उलटले आणि मान वर करून म्हणाले, "साहेब, हे आपल्याकडचे नाहीत." अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती, म्हणून निभावले.

दुसरा सापळा जुन्या यादीचा आहे. सूचकाच्या नावापुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि पुनरीक्षणानंतर ते क्रमांक बदललेले असू शकतात. घरातल्या मागील निवडणुकीच्या स्लिपवरून क्रमांक उतरवू नयेत. ताजी अंतिम यादी व तिची पुरवणी घेऊन प्रत्येक सूचकाचे नाव स्वतः बोट ठेवून पाहावे. सूचक अंगठा उठवणारा असेल, तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, घरी घेतलेला चालत नाही.

तिसरा सापळा माणसांचा. २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले. पर्यायी उमेदवाराचा अर्जही टिकला नाही, अन्य उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. म्हणून सूचक निवडताना मान किंवा नातेसंबंध पाहू नये, छाननीच्या दिवशी फोन उचलेल असा माणूस पाहावा. प्रत्येक सही तुमच्यासमोर घ्यावी आणि चारही अर्जांवर एकच सूचक ठेवू नये.

आता एका ऐवजी दहा सूचकांचे अर्ज का भरायचे, हे सांगतो. एका सूचकाचा अर्ज तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात याच आधारावर वैध ठरतो. ए-बी फॉर्म वेळेत आला नाही किंवा त्यात दोष निघाला, तर तो अर्ज बाद होतो. दहा सूचकांचा अर्ज असेल, तर निदान अपक्ष म्हणून तुम्ही रिंगणात राहता. नमुना २-ब मध्ये पहिला भाग एका सूचकासाठी आणि दुसरा भाग दहा सूचकांसाठी असतो. लागू नसलेला भाग खोडावा. पक्षातले काही नेते यावर नाराज होतात, "बंडाची तयारी का?" असे विचारतात. त्यांना शांतपणे सांगावे की हा विमा आहे.

५. नमुना २६ : सर्वांत जास्त वेळ याला द्या

हे प्रतिज्ञापत्र तयार करण्यासाठी मी किमान पाच दिवस धरतो. यात उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब व अवलंबित यांची जंगम व स्थावर मालमत्ता, कर्जे, मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणातील उत्पन्न, पॅन क्रमांक, परदेशातील मालमत्ता, शिक्षण, समाजमाध्यमांवरील खाती आणि फौजदारी प्रकरणे असा सगळा संसार लिहावा लागतो. प्रथमवर्ग दंडाधिकारी, नोटरी किंवा शपथ आयुक्त यांच्यासमोर ते शपथेवर करायचे असते.

शेतकरी कुटुंबात सर्वाधिक चूक सातबाऱ्यात होते. गट क्रमांक, क्षेत्र, वारसाहक्काने आले की खरेदीने, खरेदी असेल तर किंमत व तारीख आणि आजचा बाजारभाव, हे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत जाते. सामाईक गटात तुमचा हिस्सा किती, हे आधी भावाशी बोलून ठरवावे. नाहीतर प्रतिज्ञापत्रामुळे वाटणीचा वाद उभा राहतो आणि प्रचार बाजूला राहतो. सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेतील ठेव, पत्नीच्या नावाची बचतगटातली रक्कम, ट्रॅक्टरचा हप्ता, या गोष्टी आठवणीतून निसटतात. पत्नीच्या दागिन्यांचे वजन पत्नीला विचारूनच लिहावे.

फौजदारी प्रकरणांचा रकाना भरताना कार्यकर्त्यांची आठवण दगा देते. वीस वर्षे आंदोलने केलेल्या माणसावर रास्ता रोकोचे, जमावबंदी मोडल्याचे किती गुन्हे दाखल आहेत, हे त्याला स्वतःला माहीत नसते. पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून यादी काढा, गुन्हा क्रमांक व कलमे लिहा आणि ही माहिती पक्षालाही लेखी कळवा, कारण तसे कळवल्याचे विधान याच प्रतिज्ञापत्रात असते. प्रलंबित प्रकरणे असतील, तर माघारीची मुदत संपल्यापासून मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा त्यांची जाहिरात द्यावी लागते. अशा उमेदवाराची निवड का केली, याची कारणे पक्षालाही जाहीर करावी लागतात.

एकही रकाना रिकामा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की रिकामे रकाने भरण्याची सूचना देऊनही उमेदवाराने ते भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो. जिथे काही नाही तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" असे शब्द लिहावेत. २०१४ मध्ये आम्ही आडव्या रेघा मारल्या होत्या. कचेरीत त्यांच्याभोवती शिसपेन्सिलीने गोल करून कागद परत आला, आणि टायपिंगवाला, नोटरी व पुन्हा कचेरी अशा फेऱ्यांत तीन तास गेले. त्या दिवशी नोटरीच्या दारात चार पक्षांचे लोक एकाच बाकावर बसले होते. प्रचारात एकमेकांकडे न बघणारे आम्ही तिथे एकमेकांचे कागद तपासून देत होतो.

६. ए-बी फॉर्म

ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीने उमेदवारांची नावे कळवण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे, आणि त्याच्या सहीचे नमुने देतो. बी फॉर्ममध्ये तो पदाधिकारी प्रत्यक्ष उमेदवाराचे नाव व पर्यायी उमेदवाराचे नाव कळवतो. दोन्ही मिळून ए-बी. दोन्ही फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचले पाहिजेत. सही शाईची असावी लागते. रबरी शिक्क्याची, छापील, झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर आलेली सही चालत नाही. अर्ज आधी भरून फॉर्म नंतर दिला तरी चालते, वेळ मात्र तीच.

फॉर्म हातात आला की तिथेच उघडून वाचा. २०१९ मध्ये आमचा कार्यकर्ता मुंबईहून रात्री निघाला, लिफाफा छातीशी धरून बसला आणि पहाटे आम्ही तो उघडला, तेव्हा मतदारसंघाचे नाव बरोबर होते पण क्रमांक शेजारच्या मतदारसंघाचा होता. मुदतीला अजून एक दिवस होता म्हणून दुसरा फॉर्म मागवता आला. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे: मतदारसंघाचे नाव व क्रमांक, उमेदवाराचे नाव मतदार यादीप्रमाणे, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता, पर्यायी उमेदवाराचा रकाना, सही, शिक्का आणि तारीख, असे आठ मुद्दे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची.

वेळेबाबत गाफील राहू नका, असे सांगताना उदाहरणे शोधावी लागत नाहीत. २०२४ मध्ये मानखुर्द शिवाजीनगरमध्ये नवाब मलिक यांचा राष्ट्रवादीचा ए-बी फॉर्म तीन वाजायला पाच मिनिटे असताना दाखल झाल्याचे त्यांनीच सांगितले. त्यांनी अपक्ष म्हणूनही अर्ज भरून ठेवला होता. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील देवळाली व दिंडोरीसाठी शिवसेनेने ए-बी फॉर्म हवाई मार्गाने पाठवल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. तुमच्यासाठी विमान येईल, असे धरून चालू नका. दक्षिण सोलापुरात तर काँग्रेसच्या यादीत दिलीप माने यांचे नाव आले, पण ए-बी फॉर्म आला नाही.

पक्षाने एकाला फॉर्म दिल्यावर विचार बदलला, तर आधीचा फॉर्म रद्द केल्याचे स्पष्ट लिहिलेला नवा बी फॉर्म त्याच तीनच्या आत द्यावा लागतो. तसे न लिहिता दोघांना फॉर्म दिले गेले, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा उमेदवार ठरतो. त्यामुळे पहिल्या दिवशी पावती घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. पर्यायी उमेदवाराबाबत एवढेच लक्षात ठेवा की मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला, तर पर्यायी उमेदवाराचा एका सूचकाचा अर्ज आपोआप बाद होतो. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

७. अर्ज भरण्याचा दिवस

मिरवणूक कितीही मोठी असो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या शंभर मीटरच्या आत तीनच वाहने आणि कक्षात उमेदवारासह पाचच माणसे जाऊ शकतात. ही पाच माणसे आदल्या रात्री ठरवा. त्यात उमेदवार, सूचक, कागदांची पिशवी सांभाळणारा आणि एक वकील असावा. उरलेल्या एका जागेसाठी जो वाद होतो तो दारात होऊ देऊ नका. अर्ज स्वतः उमेदवाराने किंवा सूचकाने द्यायचा असतो. आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज भरता येतो, पण त्याची छापील प्रत सही करून प्रत्यक्षच द्यावी लागते.

अनामत रक्कम दहा हजार रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच हजार, मग जागा खुली असली तरी. चार अर्ज भरले तरी अनामत एकदाच. चेक घेतला जात नाही. प्रसिद्धीसाठी चिल्लर घेऊन येणारे दर वेळी असतात. ती मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मागे तुमचा नंबर असेल, तर तासभर जातो.

अर्ज दिल्यावर पोचपावती, छाननीची सूचना आणि कागदपत्रांची तपासणी यादी घेतल्याशिवाय उठू नका. तपासणी यादीत कशाची कमतरता दाखवली असेल, तर ती वाचून त्याच दिवशी पूर्ण करा.

८. शपथ

राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ उमेदवाराने अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाच्या आधी घ्यायची असते. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली शपथ ग्राह्य नाही. अर्ज दिला की त्याच टेबलासमोर उभे राहून शपथ घ्या आणि तिचे प्रमाणपत्र मागून घ्या. हार घालायला बाहेर लोक थांबलेले असतात, म्हणून ही दोन मिनिटे विसरली जातात.

९. छाननी

छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती हजर राहू शकते. सगळे कागद पुन्हा सोबत न्या आणि सूचकाला घरून घेऊन जा. किरकोळ स्वरूपाच्या दोषावरून अर्ज फेटाळता येत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. नावातील वेलांटी किंवा वयातील लेखनदोष यावर कोणी हरकत घेतली, तर हे कलम नम्रपणे दाखवा. हरकत गंभीर असेल, तर उत्तरासाठी वेळ मागा, ती दुसऱ्या दिवसापर्यंत मिळू शकते. तुमचा एक अर्ज वैध ठरला तरी पुरे, बाकीचे बाद झाले म्हणून घाबरू नका.

१०. माघारीचे दिवस

माघार उमेदवार स्वतः किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला सूचक अथवा निवडणूक प्रतिनिधी घेऊ शकतो, तीही शेवटच्या दिवशी तीनपर्यंत. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. म्हणून कोणत्याही कारणाने कोऱ्या माघारपत्रावर सही देऊन ठेवू नका, अगदी घरच्या माणसालाही.

पक्षाच्या बाजूने पाहिले, तर हा दिवस अर्ज भरण्याच्या दिवसाइतकाच धोक्याचा असतो. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी अखेरच्या क्षणी माघार घेतली आणि त्या मतदारसंघाच्या मतदान यंत्रावर हात हे चिन्ह उरलेच नाही. पक्षाने मग अपक्ष राजेश लाटकर यांना पाठिंबा दिला, ज्यांचे नाव पक्षाने आधी जाहीर करून बदलले होते. उलट देवळालीत शिवसेनेने नंतर आपला फॉर्म मागे घेत असल्याचे कळवले, पण मुदत टळली होती आणि चिन्ह उमेदवाराकडेच राहिले.

११. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. गोव्यात ती अठ्ठावीस लाख आहे, हे दोन्हीकडे पाहुणे असलेल्या सिंधुदुर्गातील मित्रांसाठी सांगतो. हिशेब अर्ज भरण्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा असतो, म्हणजे अर्ज भरताना काढलेल्या मिरवणुकीतली हलगी, फेटे आणि जीपगाड्याही त्यात येतात. एका व्यक्तीला किंवा दुकानदाराला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही.

कचेरीतून मिळणाऱ्या खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची आणि पिवळी बँकेची असतात. ती लिहिण्यासाठी प्रचारात न फिरणारा, घरी बसणारा माणूस नेमा. निवृत्त शिक्षक किंवा सोसायटीचे माजी सचिव या कामाला उत्तम. प्रचाराच्या काळात ही वही खर्च निरीक्षकांसमोर किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते, आणि स्टार प्रचारकाच्या सभेत तुम्ही व्यासपीठावर बसलात तर त्या सभेच्या खर्चाचा वाटा तुमच्या नावावर पडतो.

निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. २०२४ मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे २३ डिसेंबरपर्यंत. योग्य कारणाशिवाय तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवू शकतो, आणि ही शिक्षा जिंकलेल्यापेक्षा हरलेल्यांच्या वाट्याला अधिक येते. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते न मिळाल्यास अनामतही जप्त होते. पराभूत उमेदवाराच्या अंगणात त्या महिन्यात मंडपवाल्याशिवाय कोणी फिरकत नाही. तो उधारी मागायला आला की त्याला बसवून चहा द्या आणि तारखेसह पक्की पावती लिहून घ्या.